आधी हौद, मग यंत्र

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीगणरायाला वंदन करून आम्ही बोलायला उभे आहोत. विषयाचे नाव पुकारले तेव्हा काही मंडळींना हसू आले, ते आम्ही इथून पाहिले. गणपतीसमोर लोक अध्यात्मावर बोलतात, मुलांच्या शिक्षणावर बोलतात, आणि आम्ही बोलणार पाचोळ्यावर! तेही भाद्रपदात, जेव्हा झाडे हिरवीगार आहेत आणि अंगणात पाण्याची डबकी साचली आहेत. पण पानगळ सुरू झाल्यावर पाचोळ्याचा विचार करायला कोणाला वेळ नसतो. तेव्हा हातात फक्त काडेपेटी येते. म्हणून आजच बोलायचे.

आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. आमच्या सरकारी निवासांच्या आवारात दहा-बारा घरे आहेत. काही मराठी, काही तेलुगू, एक उर्दू बोलणारे. यात जे केले ते सर्वांनी मिळून केले आणि जे चुकले तेही सर्वांचेच.

आधी ऋतूचे सांगतो. अमेरिकेत ज्याला 'फॉल' म्हणतात ती पानगळ सप्टेंबर ते नोव्हेंबरात होते. आपली पानगळ शिशिरातली. आपल्या जिल्ह्याची थंडी सगळ्यांना माहीत आहे, काही पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली जातो. संक्रांत झाली की सागाची पाने तपकिरी होऊन गळू लागतात. मग कडुनिंब आणि पिंपळ रिकामे होतात. होळीपर्यंत आवारात पाऊल टाकले की करकर आवाज येतो. सागाचे एक पान हातभर लांब. दहा झाडे असली तर सकाळी झाडलेले अंगण संध्याकाळी पुन्हा भरते.

१९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून त्या बाजूला गेले आणि आपली घरे या बाजूला राहिली. आपल्या आजोबांचे कागद उर्दूत होते, वडिलांनी कचेरीपुरती तेलुगू शिकून घेतली, आणि घरात आपण मराठी टिकवली. पण पैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा साग एकच आहे. पाचोळ्याचे काय करायचे ही सवयही दोन्हीकडे एकच : ढीग करा आणि काडी लावा.

आम्हीही तेच करत होतो. काही वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात एका रविवारी आवाराच्या मागच्या भिंतीजवळ मोठा ढीग लावला. सकाळी वारा नव्हता. काडी लावली, थोडा वेळ उभे राहिलो, आणि ज्वाळा बसल्यावर घरात चहाला गेलो. पाचोळ्याची आग विझल्यासारखी दिसते, पण आत धुमसत असते. दहाच्या सुमारास वारा सुटला. जळती पाने भिंतीवरून उडाली आणि पलीकडच्या शेतकऱ्याने चुलीसाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाटीच्या ढिगावर पडली. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी कशी पेटते ते या सभागृहात कोणाला सांगायला नको. ढीग गेला, शेजारच्या गोठ्याचे छप्पर गेले. वासराचे दावे त्यांच्या मुलाने वेळेवर कापले म्हणून वासरू वाचले.

तो शेतकरी भांडला नाही. राखेजवळ उभा राहून त्याने एवढेच विचारले, "पानंच होती ना? मग जाळली कशाला?" त्याला द्यायला आमच्यापाशी उत्तर नव्हते. छपराचे पैसे आम्ही वर्गणी काढून दिले. पण प्रश्न राहिला.

त्याच आठवड्यात आमच्या आवारातल्या एका आजींना दम्याचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावे लागले. त्यांच्या मुलाने सांगितले की दरवर्षी फाल्गुनात आई खिडक्या बंद करून बसते, पण संकोचाने कोणाला बोलत नाही. पाचोळ्याच्या धुरात बारीक कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि पान जरा दमट असले की धूर आणखी वाढतो. हे आम्ही शाळेत शिकलो होतो. शेजारच्या खिडकीपर्यंत मात्र तो विचार पोचला नव्हता.

मग नियम शोधले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली आणि दंडही ठरवला : साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही कचरा जाळू नये आणि बागेतला पालापाचोळा वेगळा ठेवावा असे स्पष्ट होते. सरकारी नोकरी करणाऱ्या आम्हा लोकांना हे आग लागल्यावर कळले, हे सांगताना मान खाली जाते.

आता यंत्राची गोष्ट. आवारातल्या एका घरातला मुलगा अमेरिकेत असतो. त्याने वडिलांना एक चित्रफीत पाठवली : माणूस अंगणात फिरतो आहे, हातात जाड नळी, खांद्याला पिशवी, आणि समोरची पाने नळीत नाहीशी होत आहेत. सर्वांना वाटले, मिळाला उपाय. वर्गणी काढली आणि विजेवर चालणारे तसले एक यंत्र आणले.

त्याचे काम समजायला सोपे आहे. आत मोटर आणि मोटरवर पंखा. पंखा फिरला की नळीतून हवा जोराने आत खेचली जाते, हवेबरोबर पान येते, पंख्याची पाती पानाचे तुकडे करतात आणि ते तुकडे मागच्या पिशवीत पडतात. कळ फिरवली की तेच यंत्र ओढण्याऐवजी फुंकते. कोपऱ्यातली, गटाराच्या कडेची पाने फुंकून पुढे आणायची आणि मग ओढून घ्यायची. कंपन्या दहा पोत्यांचे एक पोते होते असे लिहितात. आमच्याकडे कडुनिंबाच्या पाल्याची चार-पाच पोती एका पोत्यात बसली. तेही काही कमी नाही.

पण पहिल्या दिवशी आम्ही तीन चुका केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून सांगतो.

पहिली चूक विजेची. यंत्र ३,००० वॅटचे. २३० व्होल्टवर ते सुमारे १३ अँपिअर ओढते. डिप्लोमाला हा हिशेब आम्ही शेकडो वेळा केला, आणि यंत्र जोडले ते टीव्हीच्या बारीक वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर! पाच मिनिटांत वायर हाताला चटका देऊ लागली. अशा यंत्राला १६ अँपिअरचाच प्लग हवा, तीन तारांची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल हवी, आणि लाइनवर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवा. केबल नेहमी पाठीमागे ठेवावी. ओल्या जमिनीवर यंत्र चालवू नये.

दुसरी चूक खड्यांची. पानांबरोबर खडे नळीत गेले आणि प्लॅस्टिकच्या पंख्याला तडा गेला. ज्या अंगणात गिट्टी किंवा मुरूम आहे तिथे आधी दाताळ्याने पाने ओढून फरशीवर आणावीत. दाताळ्याचा दुसरा फायदा असा की पाचोळ्याखाली विंचू बसलेला असला तर तो आधी दिसतो.

तिसरी चूक सागाची. चित्रफितीतली पाने तळहाताएवढी होती. आपले सागाचे पान त्या नळीच्या तोंडापेक्षा कितीतरी मोठे. दोन पाने आडवी गेली की नळी तुंबली. यंत्र बंद करा, प्लग काढा, नळी उघडा, बोळा ओढून काढा, पुन्हा जोडा. तासाभरात अर्धे पोतेही भरले नाही.

आमच्या आवारात झाडलोट करणाऱ्या मावशी खराटा टेकून हे सगळे पाहत होत्या. वीस वर्षे त्यांनी ही पाने झाडली आहेत. शेवटी त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं हे मशीन कडुनिंबाचं हाय. सागाला आधी पाय लावा लागते. आन् तेबी दुपारी. सकाळी दवानं पान लवचिक राहते, तुटत नाही." दुपारी आम्ही पाने फरशीवर पसरली आणि पोरांना त्यावर नाचायला सांगितले. पोरांना दुसरे काय हवे? पंधरा मिनिटांत चुरा झाला आणि यंत्राने तो गिळला. आम्ही पुस्तिकेची सर्व पाने वाचली होती, पण ही गोष्ट तिच्यात नव्हती.

आता जे सांगणार आहोत ते थोडे अवघड आहे. पुढच्या बैठकीत प्रश्न निघाला की यंत्र आले आहे, तर मावशींचा पगार निम्मा का करू नये. काहींनी मान डोलावली. खरे सांगायचे तर आम्हीही गप्प बसलो. वर्गणी सर्वांनाच जड होत होती. तेवढ्यात मागे बसलेल्या एका काकूंनी विचारले, "मग यंत्र रोज खांद्याला कोण लावणार? तुम्ही?" पिशवी भरली की ते ओझे चांगलेच जाणवते, आवाजाने कान बधिर होतात आणि धूळ नाकात जाते. कोणी हात वर केला नाही.

त्या दिवशी ठरले की यंत्र मावशींच्या ऐवजी नसून मावशींसाठी आहे. पगार कमी करायचा नाही. खताचे काम वाढेल तेवढे पैसे वाढवायचे. यंत्र चालवणाऱ्याला डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे आणि नाकाला मास्क द्यायचा, आणि एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त चालवायचे नाही. दुपारी दोन ते चार म्हातारी माणसे झोपतात, म्हणून चारनंतरच. आवाजाची बाब किरकोळ समजू नका. वॉशिंग्टन शहराने १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलवर चालणाऱ्या लीफ ब्लोअरवर बंदी घातली आहे. ज्या देशातून ही यंत्रे आपण उचलतो, तिथलेच लोक आता त्यांच्या आवाजाला आणि धुराला कंटाळले आहेत.

एवढे करूनही खरा प्रश्न सुटला नव्हता. यंत्राने पाचोळा लहान केला, पण नाहीसा केला नाही. भिंतीजवळ वीस-बावीस पोती उभी राहिली. आणि एका संध्याकाळी आमच्यातल्याच एका गृहस्थांनी सहज म्हटले, "आता पेटवून टाकायला काय हरकत आहे? ढीग तर छोटाच आहे." मंडळी, हजारो रुपये खर्चून आम्ही पुन्हा काडेपेटीपाशी आलो होतो!

उत्तर फार दूर नव्हते. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि त्या जिल्ह्यातले पुसद. तिथले नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, त्यांनी खताची जी पद्धत बसवली ती त्यांच्याच नावाच्या अद्याक्षरांनी 'नाडेप' म्हणून देशभर गेली. आपल्यापैकी अनेकांच्या सासुरवाडीच्या शेतात तो हौद असेल. विटांचा, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, आणि भिंतीत हवा खेळायला भोके. पूर्ण हौदाला साधारण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा आणि पाचोळा, ९० ते १०० किलो शेण, १,७५० किलो चाळलेली कोरडी माती, आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. सहा इंच पाचोळ्याचा थर, त्यावर शेणाचे पाणी, त्यावर माती, असे थरावर थर, आणि शेवटी वरून शेणमातीने लिंपून घ्यायचे. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचा. तीन ते चार महिन्यांत खत तयार. त्यात विशेष हे की शेण थोडेच लागते. ज्यांच्या दारात आता गाय नाही, त्या आपल्यासारख्यांना हेच सोयीचे.

आम्ही निम्म्या मापाचा हौद बांधला. इथे यंत्राचा खरा उपयोग कळला. अख्खे सागाचे पान वर्षभर तसेच पडून राहते, तुकडे झालेले लवकर कुजते. मात्र फार बारीक चुरा ओला झाला की चिकटून बसतो आणि हवा अडते. म्हणून मध्ये मध्ये पऱ्हाटीचे वीतभर तुकडे घातले. ती पऱ्हाटी आम्ही त्याच शेतकऱ्याकडून विकत घेतली, आणि शेणही त्याच्याच गोठ्यातले. होळीनंतर भरलेला हौद आषाढात उघडला. काळेभोर, मातीचा वास येणारे खत निघाले. पहिली दोन पोती त्याच्या शेतावर पोचवली. त्याने मूठभर खत हातात घेऊन वास घेतला आणि मुलाला हाक मारून दाखवले. त्या दिवशी आमचे ओझे थोडे उतरले.

आता गणपतीचा संबंध. चुऱ्याची सहा पोती आम्ही हौदात न घालता कोरडी ठेवली होती, ती निर्माल्यासाठी. बाप्पाला आपण दूर्वा वाहतो, फुले वाहतो, एकवीस प्रकारची पत्री वाहतो. आपले तेलुगू शेजारीही विनायक चवितीला तशीच पत्री वाहतात. दहा दिवसांत मंडपामागे केवढा ढीग होतो! नुसते ओले निर्माल्य साठवले तर सडते, वास येतो, आणि मग ते पोत्यात बांधून नदीत जाते. शास्त्र असे आहे की हिरव्या ओल्या पाल्यात नत्र जास्त आणि वाळलेल्या पानांत कर्ब जास्त. साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र असे मिश्रण झाले की कुजण्याचे काम नीट चालते. त्यासाठी ढोबळ मानाने एक टोपले निर्माल्याला दोन-तीन टोपली कोरडा चुरा घालायचा. गेल्या वर्षी आमच्या आवारातल्या गणपतीचे सर्व निर्माल्य, दोरा आणि प्लॅस्टिक काढून, असे हौदात गेले. वास आला नाही. माघातले पान भाद्रपदात बाप्पाच्या कामी आले.

पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ पासून 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम चालवला आहे. ज्यांच्याकडे पाचोळा जास्त त्यांनी तो पोत्यांत भरावा, ज्यांना बागेसाठी हवा त्यांनी घेऊन जावा. एवढ्या मोठ्या शहरात लोक पाचोळा मागून नेतात, आणि आपण जंगलाच्या कुशीत बसून तो जाळतो.

दोन गोष्टी जपून सांगतो. एक म्हणजे प्रत्येक पान उचलायची गरज नसते. यंत्र हातात आले की माणसाला जमीन आरशासारखी करावीशी वाटते. झाडाच्या बुंध्याभोवती पाने राहू द्या. आपल्या वैशाखातल्या उन्हात तेच आच्छादन मातीतला ओलावा धरते. वाट, गटार, छप्पर आणि पाण्याची टाकी यांवरचीच पाने काढायला हवीत.

दुसरी गोष्ट जंगलाची. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळायची जुनी रीत आहे, आणि त्यातून वणवे लागतात. मोहाचा हंगाम हा अनेक घरांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यांना दोष देणे सोपे आहे. पण खराट्याने झाडून किंवा खाली जाळी पसरूनही फुले वेचता येतात. आज वनखात्याचे कर्मचारी पाठीवर ब्लोअर लावून जाळरेषेवरचा पाला बाजूला फुंकतात, म्हणजे आग तिथे थांबते. कवल व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्या आपण गावात बसून पाचोळा पेटवावा, हे काही शोभत नाही.

शेवटी हिशेब मांडतो. यंत्र घ्यावे का? ज्या आवारात कडुनिंब, पिंपळ, शिरीष अशी पाने आहेत आणि फरशी आहे, तिथे जरूर घ्यावे, पण एकेका घराने नव्हे तर दहा घरांत मिळून एक. फाल्गुनातले महिनाभर चालणारे यंत्र अकरा महिने माळ्यावर पडून असते. साग जास्त असेल तर दाताळे, खराटा आणि पोरांचे पाय आधी, यंत्र नंतर. आणि हौद नसेल तर यंत्र घेऊच नये. तो पैसा विटांना लावा. विटा मोडत नाहीत, त्यांना वीजही लागत नाही.

मंडळाला आमची विनंती एवढीच : संक्रांतीला तिळगूळ वाटायला आपण सगळे एकत्र येतो, त्याच बैठकीत प्रत्येक आवाराने आपल्या हौदाची जागा ठरवावी. साग आपल्यासाठी थांबणार नाही, तो माघात पाने टाकणारच. आमच्या आवारात आता फाल्गुनातही आजींची खिडकी उघडी असते, आणि संध्याकाळी मावशी काम आटोपून त्यांच्या पायरीवर चहाला बसतात. हे सगळ्याच आवारांत व्हावे, हीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!